लेकीच्या घरचं पाणी

१

उतरायचं कुठं, एवढाच काय तो प्रश्न राहिला होता. बाकी सगळं ठरलं होतं. धान कापून, चुरून घरात आलं होतं. पौषात नदीची धार आकसली की केवळराम आणि गिरजा चार दिवस मोगलाईत जाऊन लेकीला भेटून येणार होते.

मोगलाई म्हणजे काय, तर नदीचा पलीकडचा काठ. निजामाचं राज्य गेलं, नाक्यावरचा शिपाईसुद्धा उठून गेला, पण चिंचघाटच्या माणसांच्या तोंडून मोगलाई काही गेली नाही. प्राणहितेच्या अलीकडे आपला मुलूख, चांदा जिल्हा. पलीकडे परमुलूख, एकेकाळी तिथलं नाणंही वेगळं, तिथली बोली अर्धी तेलंगी. दिसतो म्हणाल तर इथून दिसतो. उन्हं चढली की पलीकडच्या घाटावर वाळत घातलेली लुगडी ओळखू येतात. तरी कोणी डोंग्यात पाय ठेवला की बाया म्हणणारच, परदेशी चालली वो बाई! अशा परदेशात केवळराम ढिवरानं आपली एकुलती एक लेक दिली होती, कुंता. जावई इस्तारी, जातीतलाच, जाळं फेकणारा, हसतमुख पोरगा. घरात त्याची विधवा आई गोकुळा, आणि चौथं माणूस नाही.

मग लेकीचं घर असताना उतरायचं कुठं हा प्रश्न कशाला? अहो, तिथंच तर घोडं अडत होतं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावायचं नाही, अशी रीत. केवळराम रीतीचा पक्का. लग्नानंतर एकदा दोघं गेली होती, तेव्हा घरून पाण्याची गुंडी भरून नेली, विहिणीच्या छपरीत बसून आपलंच पाणी प्यायली आणि दिवस मावळायच्या आत परत आली.

"मुखरूचा साडभाऊ हाये तिथी. त्याच्याकडे उतरू," केवळराम म्हणाला. मुखरू म्हणजे शेजारचा, जाळ्यावरचा जोडीदार.

"त्याच्या घरात बकऱ्या बांधतेत. चार दिवस का मी लेंड्या झाडत बसू?" गिरजा म्हणाली.

"मंग देवळाच्या ओसरीत."

"पुसातल्या थंडीत? कुडकुडून मरू."

"मंग घाटावर रेतीत झोपडी घालतो."

"बाप्पा! अन् रातच्याले मगर आली पाहुनी म्हनून, तं?"

केवळराम वैतागला. "तं मंग जाऊच नोको, म्हन!"

गिरजानं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो मुकाट्यानं चिलीम भरायला लागला. कारण जायचं होतंच. आता नाही गेलं तर त्या दोघांचा जीव राहिला नसता.

२

त्याचं असं झालं होतं. कुंताला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हीही रीतच. "आखाडात डोंगा घेऊन येतो, तुले घेऊन जातो," असा शब्द केवळरामनं जेठात स्वतः जाऊन दिला होता. घाटावर उभी राहून ती हसली होती. "याजा बरं बाबा, मी वाट पाहीन."

आणि आखाड लागायच्या आत नदी फुगली. त्या वर्षी असं पाणी आलं की पलीकडचा काठच दिसेना. गिरजा रोज घाटावर जाऊन उभी राहायची, भिजत. "आना ना वो पोरीले. तिचे दिवस भरत आले." केवळराम म्हणायचा, "या पुरात डोंगा घालू? दोन जीवांची हाये थे. पानी उतरू दे." बरोबर होतं त्याचं. कोणत्याही ढिवराला विचारा, तो हेच सांगेल. पण रात्री त्याला झोप लागत नव्हती, हेही खरं.

श्रावण गेला, भादवा गेला. बाळंतपण तिकडंच झालं असणार. झालं तर गुळाचा खडा देऊन माणूस धाडायचा असतो. ज्या घरी लेकरू जन्मलं त्या घरानं दुसऱ्या घराला कळवायचं. विहिणीनं काही धाडलं नाही. दसरा झाला, दिवाळी झाली, पाणी उतरलं, तरी नाही; आणि निरोप नाही तोवर लेकीच्या घरचं पाणीही चालणार नव्हतं. केवळरामला राग आला. "इहीनबाईले येवढा ताठा! निरोप त्यायनं धाडाचा. मी काऊन जाऊ?" पुढं धानकापणी आली. त्या घाटानं एरवीही फारसं कोणी जात-येत नव्हतं. राग तसाच राहिला, आणि रागाच्या खाली भीती.

मार्गशीर्षात धुकं पडायला लागलं. एका सकाळी गिरजा घाटावरून परत आली ती रिकामी गुंडी घेऊन, धावत, पदर घसरलेला.

"कुंता बोलली!"

यात नवल काही नव्हतं. हिवाळ्यात नदीची धार आकसते, धुक्यात आवाज दूर जातो. लग्नापासून मायलेकी अशाच काठाकाठांवरून हाळ्या देऊन बोलायच्या. मिठाचं, मासळीचं, सासूचं, सगळं बोलून घ्यायच्या. केवळराम उठून उभा राहिला.

"काय म्हनते? झालं काय?"

"पोरगी झाली! धड हाये, म्हनते. अन् म्हनते, सासूच्या घरी नोका उतरू, माह्या घरी उतरा. मी येगळं घर केलं. लेकरू झालं ना माय, आता माह्या घरचं पानी चालते तुले."

केवळराम खाली बसला. मग उठला, मग पुन्हा बसला. डोळ्यांतलं पाणी त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि मडक्यातला होता नव्हता तेवढा गूळ घेऊन घरोघर निघाला. "आजा झालो रे! आजा झालो मी!"

उतरायचं कुठं, तोही प्रश्न मिटला होता.

३

त्यानंतर गिरजाचं चित्त घरात राहिलंच नाही. पहाट झाली की घाटावर, आणि आली की काय बोलणं झालं ते सांगत बसायची. सांगता सांगता हात चालू, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत.

"जाड शीव म्हनते, माय. घरात लय गारठा हाये."

"पुसच हाये. गारठा असनच."

"चूल पेटत नाई म्हनते. कितीबी फुका, पेटतच नाई."

केवळरामनं विचार केला. "नवं घर हाये ना. भिंती वल्ल्या असतेत. लाकडंबी वल्ली."

"आंगन लय साजरं हाये म्हनते. दार उगवतीकडे. वरून उजेड येते तं हिरवा हिरवा दिसते."

"झाडाखाली असन घर."

प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. उत्तर सापडलं की केवळरामला बरं वाटायचं. वेगळी का राहिली, तर सासूशी पटलं नसेल. सासूनं निरोप का धाडला नाही, तर त्याच रागात. सगळं जुळत होतं. तरी एका संध्याकाळी चुलीपाशी बसून त्यानं विचारलं, "अन् जवाई? थे काय म्हनतेत?"

गिरजाची सुई थांबली. "जवाई हायेत ना. दारातच बसून असतेत म्हनते. बोलत नाई."

"काऊन?"

"थे नाई सांगतलं."

बोलका पोरगा होता इस्तारी. लग्नात व्याह्यांची टिंगल करून मांडव हसवला होता त्यानं. केवळरामनं चुलीत लाकूड सारलं. बायकोनं वेगळं घर करायला लावलं, माय तुटली, म्हणून गप्प असेल. पुरुषाला लागतं असं काही.

"लेकराचं नाव काय ठेवलं?"

"बाबा आल्यावर ठेवू, म्हनते."

त्याला एकदम भरून आलं. आपल्या आईचं नाव त्याच्या ओठांवर आलं, कमळा. कमळा म्हणून हाक मारायची नातीला. त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

४

शेवटी एका सकाळी तोही गिरजाबरोबर घाटावर गेला. लेकीचा आवाज त्यालाही ऐकायचा होता.

धुकं असं की पायाखालची रेती तेवढी दिसत होती. गिरजा पाण्याच्या कडेला उभी राहिली आणि तिनं हाळी दिली. "कुंता वोऽऽ!" ती हाळी गेली, पलीकडच्या दरडीवर आपटली आणि नेहमीसारखी परत आली. वोऽऽ.

मग उत्तर आलं. "माय."

कुंताचाच आवाज. बापाला लेकीचा आवाज ओळखायला काय लागतं? पण केवळरामच्या अंगावर काटा आला, आणि का आला ते कळायला त्याला थोडा वेळ लागला. तो आवाज हाळीचा नव्हता. घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलावं तशी ती बोलत होती. आणि तो दरडीवरून परत आला नाही.

दुसरं म्हणजे तो समोरून येत नव्हता. पलीकडचा घाट समोर. आवाज येत होता वरच्या अंगानं, कासवडोहाकडून. जन्मभर त्या नदीत जाळं टाकलेला माणूस तो, तळहातासारखी ओळखायचा नदी. कासवडोहापाशी काठ नाही. काळा खडक सरळ पाण्यात उतरतो आणि खाली बांबू टेकत नाही. तिथं उभं राहायला कावळ्यालाही जागा नाही.

तरी धुकं जरा हललं तेव्हा तिथं लाल काही दिसलं. बाईमाणूस उभं असावं असं. लग्नात दिलेल्या लुगड्याचा तो रंग होता.

"माय, कधी येता वो?"

"येतो वो बाई, येतोच!" गिरजा गुडघाभर पाण्यात शिरली होती. आपण कुठं चाललो याचं तिला भान नव्हतं. केवळरामनं तिचा दंड धरून मागं ओढलं.

थोड्या अंतरावर मुखरू जाळं काढत होता. केवळराम त्याच्याकडे गेला. "ऐकलं काय रे?"

"काय?"

"कुंताचा आवाज."

मुखरूनं कान दिला. मग केवळरामच्या तोंडाकडे पाहिलं. "मले तं काई नाई आलं ऐकू, भाऊ. टिटवी असन."

जाळ्याच्या नादात होता, त्याला कसं ऐकू येणार? आणि एवढा पूर आला होता, पुरानं डोहाच्या तोंडाशी नवी रेती टाकली असेल. नदी दरसाल काही ना काही बदलतेच. डोंगा तिथंच होता, बांबू होता. जाऊन बघायला काय लागत होतं? पण केवळराम गेला नाही. आठवड्यानं जायचंच आहे, असं तो स्वतःशी म्हणाला.

५

निघाले ते चांगली उन्हं चढल्यावर. निळं आभाळ, नदी शांत, काठावर कोवळ्या लाखोळीची हिरवी वावरं. भिण्यासारखं काही नव्हतं. डोंग्यात गोधडी, टोपडी-अंगडी, नवा तांदूळ, सुकी मासोळी, गुळाची ढेप. पाण्याची गुंडी गिरजानं मुद्दाम घरीच ठेवली. "आता कायले? लेकीच्या घरी पिऊ," म्हणाली. इतकी हसरी ती वर्षभरात दिसली नव्हती.

केवळरामनं डोंगा सरळ घाटाकडे न्यायचा तो थोडा वरच्या अंगाला घातला. गिरजाला काही सांगितलं नाही. कासवडोह जसा होता तसाच होता. काळा खडक, काळं पाणी. नवी रेती नाही, दगडाचा एक टप्पासुद्धा नाही. त्यानं बांबू खाली सोडला. पंजा पाण्याला लागला, कोपर पाण्यात गेलं, बांबू टेकला नाही.

"इकडून कायले नेऊन राह्यले?" गिरजानं विचारलं.

"काई नाई. धार पाहून राह्यलो."

गिरजा कडेवरून वाकून पाण्यात पाहत होती. "इथीच कुठी हाये तिचं घर," ती म्हणाली, अगदी सहज. केवळरामनं बांबू ओढून घेतला आणि वल्हं मारायला सुरुवात केली. घाट येईपर्यंत तो थांबला नाही.

घाटावर बाया धुणं धूत होत्या. गिरजानं हसून विचारलं, "कुंताचं नवं घर कोनीकडे वो?"

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. मग एक म्हातारी हात पुसत म्हणाली, "नवं घर? आमाले नाई माईत, बाई. गोकुळाबाईच्या घरी जाऊन पुसा." आणि बाकीच्यांनी माना खाली घातल्या. दोन व्याह्यांच्या भांडणात कोण पडतो?

६

गोकुळा छपरीत बसून सूप पाखडत होती. व्याही-विहीण अंगणात आलेले पाहताच तिनं पदर पुढं ओढला आणि तोंड फिरवलं.

"आले काय?" ती सुपालाच म्हणाली. "झाली काय आठोन?"

केवळरामही तयारीनं आला होता. "निरोप तुमी धाडाचा होता, इहीनबाई. लेकरू तुमच्या घरी झालं."

सूप थांबलं.

"माह्या घरी?" गोकुळानं पदर मागं सारला. "माह्या घरी कसं होईन? भादव्यात इस्तारी तिले डोंग्यात बसवून तुमच्याकडे घेऊन गेला ना! पहिलं बाळंतपन माहेरीच, बाबानं शब्द देल्ला, बाबा वाट पाहून राह्यला असन, म्हनून रडे पोरगी. मी म्हनलं, पूर हाये, नोका जाऊ. त्यायनं ऐकलं नाई. पान्याच्या सरीत डोंगा दिसेनासा झाला तवा मी घरी आली." तिचा आवाज चिरकला. "तवापासून माहा पोरगा तुमीच ठेवून घेतला. घरजवाई केला त्याले. लेकरू झालं तं गुळाचा खडा नाई धाडला. मीबी म्हनलं, मी काऊन जाऊ? येऊ दे त्यायले. आता तरी सांगा. कुठी हाये माहा इस्तारी? घाटावर थांबला काय?"

आणि ती खरोखरच मान उंचावून त्यांच्या मागं, वाटेकडे पाहायला लागली.

केवळरामला सगळं कळलं. कळूनही तो तसाच उभा राहिला. दोन घरं आणि मध्ये एक नदी. हे घर म्हणे निरोप त्यांनी धाडावा, ते घर म्हणे यांनी. दोन्ही घरं रीतीला धरून बसली, रुसून बसली, आणि त्याच्या लेकीला कोणी शोधलंसुद्धा नाही. बाबा न्यायला येईल म्हणून ती वाट पाहत होती. बाबा आला नाही, म्हणून ती स्वतः निघाली. हे त्याच्या छातीत इतकं दुखलं की त्याच्या तोंडातून आवाज निघाला, कण्हल्यासारखा. तो आवाज ऐकून मग गोकुळाला कळलं. तिच्या हातातलं सूप पडलं आणि अंगणातल्या कोंबड्या दाण्यांवर धावल्या.

शेवटी गोकुळाच उठली. रडत रडत तिनं लोटाभर पाणी आणलं आणि गिरजासमोर धरलं. "पी, बाई. आता कोनाचं घर अन् कायची रीत."

गिरजा रडली नव्हती. तिच्या डोळ्यांत थेंब नव्हता. तिनं लोटा घेतला आणि हलकेच खाली ठेवला.

"मी पिईन तं माह्या लेकीच्याच घरी पिईन," ती म्हणाली.

केवळराम भ्याला तो तेव्हा.

७

रात्र तिघांनी एकाच शेकोटीभोवती काढली; गिरजा विहिणीला लेकीच्या नव्या घराचं, दारात बसून असणाऱ्या इस्तारीचं सांगत होती. उतरायचं कुठं म्हणून महिनाभर वाद घातला होता, आणि उतरले ते शेवटी विहिणीच्या छपरीत.

सकाळी निघाले तेव्हा धुकं होतं. उन्हं येईपर्यंत थांबू, असं केवळराम म्हणत होता; गिरजा जाऊन डोंग्यात बसली होती. गोकुळा घाटापर्यंत आली. तिच्या हातात इस्तारीचं धोतर होतं, घडी केलेलं, आणि एक घोंगडं.

"त्याले दे बाई," ती गिरजाला म्हणाली. "अन् सांगजो, माय रागावली नाई, म्हना."

कोनाले वो, असं केवळरामच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या म्हातारीचं तोंड पाहून त्यानं ते धोतर-घोंगडं घेऊन गिरजाजवळ ठेवलं.

त्याचं मनाशी ठरलं होतं. सरळ चिंचघाट गाठायचा, गिरजाला घरात बसवायचं, गावातल्या ढिवरांना घेऊन डोहात जाळी ओढायची. जे सापडेल त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे. माणसानं करायचं ते करायचं. डोंग्याचं तोंड त्यानं घराकडे धरलं होतं, याची तो शपथ घेईल. बांबू रेतीत टेकत होता. टेकत होता, टेकत होता, आणि मग टेकला नाही.

"बाबा."

आजवर तिनं मायलाच हाक मारली होती. ही हाक त्याला होती, आणि डोंग्याच्या अगदी बाजूनं आली होती.

"बाबा, मले न्यायले आले काय?"

"आलो वो बाई," तो म्हणाला. म्हणायच्या आधी त्यानं विचार केला नव्हता. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि बांबू हातातून निसटून गेला होता.

गिरजा डोंग्याच्या कडेवरून वाकली. तिनं ओंजळ भरली आणि प्यायली. डोळे मिटून, दिवसभर वावरात राबून आलेली बाई पिते तसं पोटभर. "गोड हाये," ती म्हणाली. पुन्हा ओंजळ भरून तिनं त्याच्यासमोर धरली. "घ्या ना. नात झाली तुमाले. आता चालते."

केवळरामनं दात आवळले. मान हलवली. पाणी तिच्या बोटांतून गळून गेलं. ती रागावली नाही. लग्न होऊन आली तेव्हा त्याच्याकडे पाहून हसायची तशी हसली. गोधडी तिनं काखेत घेतली, गूळ-तांदूळ घेतले, विहिणीनं दिलेलं धोतर आणि घोंगडं घेतलं.

"मी पुढं होते. चूल पेटवून ठेवते. पोरीच्यानं नाई पेटत," ती म्हणाली. "तुमी डोंगा बांधून या."

आणि ओसरीवरून अंगणात उतरावं तशी ती डोंग्यातून उतरली. डोंगा हललासुद्धा नाही.

त्यानं पाहिलं ते पापणी लवेपर्यंत. गिरजा उभी होती, पाणी तिच्या घोट्यापर्यंतच. तिच्यापुढं सारवलेलं अंगण, ओलं, हिरव्या उजेडातलं. उगवतीकडे दार. दारात कोणी गुडघे पोटाशी धरून बसलेलं, पाठमोरं. आणि आतून एक हात पुढं आला, हिरव्या बांगड्यांचा, गोधडी घ्यायला. आत तान्हं लेकरू कुरकुरत होतं.

मग नुसतं पाणी.

त्यानं उडी घातली. छाती फुटेपर्यंत खाली गेला, वर आला, पुन्हा गेला. हाताला काही लागलं नाही. गोधडी काही वेळ तरी तरंगायला हवी होती. कोरडी गोधडी लगेच बुडत नाही. धोतर तरंगायला हवं होतं. डोहावर काडीसुद्धा नव्हती. पुढं दोन्ही काठांच्या ढिवरांनी दिवसेंदिवस जाळी ओढली. मासे आले, शेवाळ आलं, आणि केवळरामचा बांबू आला. माणूस नाही की माणसाचं काही नाही.

८

पुढच्या सालचं धान केवळरामनं मन लावून कापलं. लोकांना वाटलं, म्हातारा सावरला. खातो, पितो, जाळं विणतो. पौष लागला तसं त्यानं डोंग्याला नवं डांबर दिलं.

धुक्याच्या सकाळी तो घाटावर जाऊन बसायचा. आता हाळी कोणी देत नव्हतं. पण कासवडोहाच्या अंगाला, खडकाच्या पायथ्याशी, धुक्याहून जरा निळा असा एक पट्टा वर चढताना त्याला दिसायचा. आणि भाताचा वास यायचा, नव्या तांदळाच्या भाताचा. चूल पेटली होती. गिरजाच्या हाताला पहिल्यापासून गुण होता तसा. बायका आपसात काही बोलायच्या, शब्द कळायचे नाहीत. मध्येच लेकरू हसायचं. आता वर्षाचं होऊन गेलं असेल. धरून धरून चालत असेल. नाव अजून ठेवायचं राहिलं होतं.

एका सकाळी मुखरूला तो डोंगा पाण्यात लोटताना दिसला. धोतर धुतलेलं, डोक्याला पागोटं. डोंग्यात गुळाची ढेप आणि एक लाकडी पांगुळगाडा, स्वतः केलेला.

"कुठी निघाला, भाऊ?"

"मोगलाईत. चार दिवस."

मुखरूला बरं वाटलं. गोकुळाबाईला भेटायला चालला असेल, दोघं एका दुःखाची. "उतराल कुठी? माह्या साडभावाले सांगू काय?"

"नोको. पोरीच्या घरी उतरतो."

मुखरूचा हात नकळत डोंग्याच्या दोरावर गेला. त्यानं डोंग्यात पाहिलं. एवढ्या प्रवासाला निघालेला माणूस, आणि पाण्याची गुंडी कुठं दिसत नव्हती.

"भाऊ," तो म्हणाला, आणि त्यानं दोर मुठीत आवळला. "भाऊ, तुमी तं रीतीचे मानूस. पोरीच्या घरचं पानी..."

"नात झाली ना मले," केवळराम म्हणाला. "आता चालते."

त्यानं मुखरूच्या मुठीतून दोर हळूच सोडवून घेतला आणि डोंग्याचं तोंड वरच्या अंगाला वळवलं.